गिळल्याशिवाय चव कळत नाही

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

डबा मिळाला. आधी कामाचं लिहिते. आल्याची बिस्किटं: आलं जुनं आहे, नुसतं झोंबतं, वास नाही. लिंबाची ठीक. दालचिनीचे दोन्ही घाणे सारखेच लागतात, मग दोन कशाला पाठवलेस? लोण्याच्या बिस्किटांत मीठ चिमूटभर वाढव. पावाला नाव ठेवायला जागा नाही.

आता माझं. फोनवर तू ओरडतोस आणि मी रडते, म्हणून डब्यातूनच कळवते. वजन कमी करायची शस्त्रक्रिया करून घ्यायचं मी जवळजवळ ठरवलं आहे. पोटाचा एक लहानसा कप्पा ठेवतात आणि तो खालच्या आतड्याला जोडतात. डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या करून मार्चची तारीख दिली आहे. जवळजवळ म्हणते, कारण अजून सही केलेली नाही. भीती वाटते.

इस्पितळाची एक अट आहे. घरातल्या एका माणसाने आधी येऊन सगळं समजून घ्यायचं आणि पहिले काही दिवस सोबत राहायचं. आई-बाबा गेले, लग्न मी केलं नाही. माझ्या घरातलं म्हणजे तूच. येशील का? नुसतं हो किंवा नाही लिहिलंस तरी चालेल. व्याख्यान नको.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
बनू

११ जानेवारी

चि. बनूस,
अनेक आशीर्वाद आणि एक कानाखाली.

उत्तर: नाही. व्याख्यान नको म्हणालीस, म्हणून ते फुकट देतो.

धडधाकट माणूस आपण होऊन सुरीखाली जातो का गं? बोकडसुद्धा जात नाही. तुला कुणीतरी काहीतरी बोललं असणार आणि ते तू मनाला लावून घेतलंस. दिवसभर बसस्टँडच्या काचेच्या केबिनमध्ये बसून गाड्या पुकारायच्या, बुड म्हणून हलवायचं नाही, मग वजन वाढेल नाहीतर काय होईल? याला उपाय आहे. तोंडाला कुलूप लाव आणि संध्याकाळी घरी चालत जा. आमच्या गल्लीतल्या शिंप्याची मेहुणी असंच काहीतरी कापून घेऊन आली. अर्धी झाली खरी, पण केस गेले, आणि आता ताटासमोर बसून रडते.

आणखी एक. बाबांनी बेकरी माझ्या हातात दिली आणि तुझ्या जिभेवर ठेवली. तू एवढीशी होतीस तेव्हापासून भट्टीतून निघालेला पहिला तुकडा तुझा. "गिळल्याशिवाय चव कळत नाही" म्हणत ते तुला भरवायचे, आणि मी परात घासत बघत बसायचो. मला कधी दिला नाही. म्हणायचे, तुझे हात चांगले आहेत, तू मळ. ती जीभ तू आता एका डॉक्टरीणबाईच्या नादाने वाया घालवणार. बाबा असते तर त्यांना काय तोंड दाखवलं असतंस?

आल्याबद्दल लिहिलंस ते मलाही तसंच वाटलं होतं. मीठ वाढवलं आहे. नवे नमुने पाठवतो आहे, परतीच्या गाडीने कळव.

दादा

१५ जानेवारी

दादास,

"तीर्थरूप" मुद्दाम गाळलं आहे. शोधत बसू नकोस.

कुणीतरी काहीतरी बोललं असणार म्हणतोस. मग ऐक. मागच्या महिन्यात केबिनमधली खुर्ची माझ्याखाली मोडली. माइक चालू होता. मी पडल्याचा आवाज, खुर्चीचा आवाज, माझ्या तोंडून निघालेला आवाज, सगळं सगळ्या फलाटांवर गेलं. सगळीकडे हसू फुटलं. एकाने टाळ्या वाजवल्या. मला उठता येईना, कारण केबिन अरुंद आणि गुडघे कामातून गेलेले. गाडी सुटायची वेळ झाली होती, म्हणून जमिनीवर बसूनच मी माइक खाली ओढला आणि पुढची गाडी पुकारली. आवाज जराही कापला नाही. ते जमलं याचा मला अभिमान वाटला आणि घरी गेल्यावर स्वतःचीच कीव आली.

पण मी खुर्चीसाठी पोट कापून घेत नाही. झोपेत माझा श्वास थांबतो. घुसमटून उठते, बसते, पुन्हा झोपायची भीती वाटते. साखर वाढली आहे. तोंडाला कुलूप मी आयुष्यभर लावत आले. किती वेळा वजन उतरवलं आणि किती वेळा व्याजासकट परत आलं, हे तुला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी हसलास तूच. डॉक्टरीणबाई पहिली व्यक्ती, जिने मला "मनावर घ्या" असं सांगितलं नाही. शस्त्रक्रिया म्हणजे जादू नाही, जन्मभर गोळ्या आणि वाटीएवढं जेवण, हेही तिनेच स्पष्ट सांगितलं.

आता तुझ्या आवडीचा विषय. शस्त्रक्रियेनंतर गोड घशाखाली गेलं तर मला घाम फुटेल, छाती धडधडेल, आडवं पडावं लागेल. म्हणजे तुझी चाखणारी संपली. खरं तर आजपासूनच संपली, कारण आधीपासून गोड बंद करायला सांगितलं आहे. सगळं वजन तुझ्या डब्यांचं आहे असं मी म्हणणार नाही, माझं माझंही आहे. पण बाबांचा तो नियम, की चाखणाऱ्याने गिळायचंच, बेकरीत थुंकणं म्हणजे अन्नाचा अपमान, तो मी एवढीशी असल्यापासून पाळला. पोट भरलेलं असताना पाळला, तापात पाळला. तू परात घासत बघत होतास ना? मग मी कशी फुगत गेले तेही बघितलं असशीलच.

हा डबा न उघडता परत पाठवते आहे. तुझ्या तोंडातही जीभ आहे, ती वापर.

बहीण

(बनू म्हणू नकोस. बनपावासारखे गाल म्हणून ठेवलेलं नाव आहे ते. आजवर कधी बोलले नाही.)

२३ जानेवारी

बाईसाहेब,

डबा परत आला. ड्रायव्हरने विचारलं, घरात काही बरंवाईट झालं का. मी म्हटलं, हो.

तू काय समजतेस, तुझ्यावाचून भट्टी विझेल? मी लिहितो ते मोठेपणा म्हणून लिहितो, की तू म्हणतेस ते बरोबर. नाहीतर माझी जीभ तुझ्यापेक्षा तसूभर कमी नाही. बाबांनी कधी संधी दिली नाही एवढंच. तू बसून खाल्लंस, मी उभं राहून मळलं, आणि आता खाणारीच मळणाऱ्याच्या नावाने बोटं मोडते. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

स्टेशनसमोरच्या मोठ्या चहावाल्याने आपल्या सगळ्या दुकानांसाठी लोण्याची बिस्किटं मागितली आहेत. बाबांना आयुष्यात असं गिऱ्हाईक मिळालं नाही. पहिला घाणा मी एकट्याने काढला. माझं लोणी, माझं मीठ, माझी चव. त्यातलीच डबाभर पाठवतो आहे. तू चाखू नकोस, तुझं पोट मौल्यवान आहे. शोभेला ठेव, नाहीतर तुझ्या त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना वाट. निदान टाळ्या कशाला वाजवायच्या ते त्यांना कळेल.

इस्पितळात मी येणार नाही. मेलीस तर मात्र यावं लागेल, तेवढं लक्षात ठेव.

तुझाच,
परात घासणारा

२७ जानेवारी

दादा,

तू सांगितलंस तसंच केलं. डबा ड्रायव्हर-कंडक्टरांच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि माझ्या भावाची बिस्किटं म्हणून सगळ्यांना बोलावलं. जरा मिरवलंच. तुझा कितीही राग आला तरी तुझ्या बिस्किटांवर मी आजवर मिरवतच आले.

पहिला घास घेतला आणि आमच्या म्हाताऱ्या कंट्रोलरने तो हातरुमालात थुंकला. मग एक ड्रायव्हर खिडकीकडे धावला. मग बाकीचे. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी कंट्रोलर म्हणाला, "मॅडम, लोणी खवट आहे हो."

मी जवळ जाऊन नुसता वास घेतला. दादा, चाखायची गरजच नव्हती. डब्याजवळ नुसता भपकारा सुटत होता आणि मी आपली मिरवायच्या नादात होते.

रात्री अंथरुणात बसून विचार केला. असं लोणी परातीत पडलं की बेकरीच्या दारातून आत पाय ठेवणाऱ्यालाही कळतं. तू ते फेटलंस, मळलंस, त्यावर वाकून उभा राहिलास, भाजलेलं तोंडात घातलंस. आणि तुला कळलं नाही. आळशी तू नाहीस. बाबांचा मुलगा आहेस, खवट लोणी तू जाणूनबुजून कुत्र्यालाही घालणार नाहीस.

मग एकेक आठवत गेलं. मी मागच्या वेळी आले तेव्हा शेगडीवर दूध करपून कोळसा झालं आणि तू शेजारी बसून पेपर वाचत होतास. तुझ्या पत्रांत चवीचं जे असतं ते माझं पत्र मिळाल्यानंतरचं. "मलाही तसंच वाटलं होतं." आधी कधीच काही वाटलेलं नसतं. मागच्या थंडीत दालचिनीच्या एका घाण्यात दालचिनीच नव्हती. मला वाटलं, माझी परीक्षा घेतोस.

तुला वास येत नाही. चवही जवळजवळ नाही. मागल्या वर्षीच्या त्या तापानंतर, हो ना? आणि तू मला वापरलंस. माझं पोट, माझे गुडघे, मधुमेह, कशाचीही पर्वा न करता दर आठवड्याला डबा चालू ठेवलास, आणि वर व्याख्यान दिलंस की खाणं आवर. तोंड वर करून लिहिलंस! आता ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. खरं काय ते सांग.

आणि तो घाणा चहावाल्याकडे गेला असेल तर पत्र लिहीत बसू नकोस, आधी धाव.

१ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचे दादा लिहीत नाहीत, म्हणून मी लिहिते. घाणा दुकानांत पोचायच्या आत मी स्वतः जाऊन उचलून आणला. चहावाल्याला सांगितलं, पेट्या बदलल्या. खोटं बोलले. भट्टी कालपासून थंड आहे. हे पिठाच्या पोत्यावर बसून आहेत आणि मी काही विचारलं की मलाच विचारतात, तुला काय कळतं.

मला काय कळतं ते सांगते. लग्न झाल्यापासून यांनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली. मागच्या वर्षीपासून अचानक थांबले. भाजी खारट झाली तरी मुकाट्याने खायचे. मला वाटलं, वय झालं, माणूस निवळला. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलंसुद्धा. आता तुमचं पत्र वाचलं आणि कळलं, की माझ्या नशिबाला आलेलं ते एक वर्षाचं सुख म्हणजे यांचा आजार होता.

तुम्हा दोघा भावंडांना एकमेकांशिवाय करमत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही. मधल्या मध्ये माझं भरीत होतं. तुम्ही कापा, नाहीतर शिवा, मला विचारू नका. पण यांना जे लिहायचं असेल ते सरळ लिहा. टोमणे मारून झाले असतील तर.

वहिनी

८ फेब्रुवारी

हो. नाही येत. झालं समाधान?

सगळ्या स्टँडला कळलं असेल. परवा डबा नेणाऱ्या ड्रायव्हरने मला विचारलं, "शेठ, सर्दी बरी आहे का?" तू मला त्या पोरांच्या तोंडी दिलंस.

ताप उतरला त्या सकाळी मी भट्टी उघडली. पाव बघितला, चांगला फुगला होता, लाल झाला होता. आणि काहीच नाही. वाफ तोंडावर आली, पण ती नुसती गरम. तीस-पस्तीस वर्षं मी त्या वासाने दिवस ओळखत आलो. तोंडात घातला तर कापूस चावल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, परत येईल. नाही आला. कुणाला सांगू? वास नसलेला बेकरीवाला म्हणजे बहिरा गवई. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. तुला सांगितलं असतं तर तू कीव केली असतीस, आणि तुझी कीव मला सोसत नाही. बाबांनी तुला पहिला घास दिला तो दिला. दुसराही तुझाच ठरावा?

राग आला असेल तर येऊ दे. मी तुला वापरलं, ठीक. पण दर आठवड्याला तुझं पत्र यायचं, त्यात "आलं झोंबतं", "लिंबू कोवळं आहे", असं असायचं, ते मी दोनदा वाचायचो. मला माझ्या बेकरीची चव तुझ्या पत्रातूनच कळत होती. ते पोट तू कापलंस की माझं नाक दुसऱ्यांदा जातं. म्हणून शिव्या दिल्या.

चहावाल्याने एक शेवटची संधी दिली आहे. पावसाळ्यापर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकल. चहावाल्याचा एकदा जम बसू दे, मग तुला पाहिजे ते कापून घे. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

दादा

१४ फेब्रुवारी

दादा,

नाही.

तुझं पत्र वाचून रडले, हे आधीच सांगते, नाहीतर वहिनीला वाटेल मी दगड आहे. वास गेल्याचं तू मला सांगितलं असतंस तर मी पहिल्या गाडीने आले असते, आणि कीव नसती केली, तुला बडवलं असतं. पण तुला ते सांगायचंच नव्हतं. तुला फक्त डबा पाठवायचा होता.

आणि आता, सगळं उघड झाल्यावरही, तू काय मागतोस ते एकदा वाचून बघ. माझा श्वास झोपेत थांबतो हे मी लिहिलं. त्यावर तुझ्या दोन्ही पत्रांत एक ओळ नाही. "पावसाळ्यापर्यंत." तोवर मी असेन याची खात्री कुणी दिली तुला? मी मेले तर जीभही माझ्याबरोबरच जाणार आहे, ती काही मागे काढून ठेवता येत नाही.

"आजवर काही मागितलं नाही" हे वाक्य तर कापून भिंतीवर लाव. दर आठवड्याला मागितलंस.

मी सही केली. सोबत म्हणून आमचा म्हातारा कंट्रोलर येतो म्हणाला. घरातलं माणूस नाही, पण इस्पितळाला विनंती करून बघू. त्याने निदान विचारलं तरी, की भीती वाटते का.

आता डबा पाठवू नकोस. पत्रही नको. बेकरीचं काय करायचं ते तुझं तू बघ. मी पहिल्यांदाच माझं बघते आहे आणि ते मला सवयीचं नाही, म्हणून मध्ये बोलू नकोस.

बहीण

२ मार्च

चि. सौ... नाही, नुसतं चि.,

पत्र नको म्हणालीस, डबा नको म्हणालीस. दोन्ही पाठवतो आहे. सवय आहे मला न ऐकायची.

डबा उघडायला घाबरू नकोस, आत खायचं काही नाही. बाबांचं अंडी फेटायचं पांढरं भांडं आहे, काठाला टवका उडालेलं. लहानपणी तुला ते खेळायला हवं होतं आणि मी डोक्यावर घालून पळालो, पडलो, तेव्हाचा टवका. का पाठवलं ते सांगतो.

तू पत्र नको म्हटल्यावर मी तुझी जुनी पत्रं काढली. नवं काही वाचायला नव्हतं. खवट बिस्किटांचं पत्र पुन्हा वाचलं. आधी रागाने वाचलं होतं, या वेळी नीट वाचलं. तुझ्या कंट्रोलरने बिस्किट रुमालात थुंकलं. ड्रायव्हरने खिडकीतून थुंकलं. आणि सगळ्यांना लोणी खवट आहे हे कळलं. एकानेही गिळलं नव्हतं.

पिठाच्या पोत्यावर मी तसाच बसून राहिलो. बाबा आपल्याला शिकवून गेले की गिळल्याशिवाय चव कळत नाही. बाबांची बिस्किटं चांगली होती. वाक्य खोटं होतं. आणि ते आपल्या तिघांपैकी एकालाही कधी तपासून बघावंसं वाटलं नाही. तू एवढीशी होतीस तेव्हापासूनचं सगळं गिळलंस. मी समोर उभा होतो. एकदा जरी म्हटलं असतं, थुंक गं, तरी पुरलं असतं. मला तर वाटायचं, तुझी मजा आहे.

चहावाल्याला मी खरं सांगितलं. तुझी वहिनी म्हणाली, उचलली जीभ लावली टाळ्याला. चहावाला हसला आणि गेला, तो काही परत येत नाही. नेहमीची पावाची गिऱ्हाइकं आहेत, त्यांवर भागेल. लोण्याचा वास वहिनी बघते आहे, आणि दिवसभर नाक मुरडते, त्यामुळे लोणी खराब आहे की मी, ते कळत नाही.

चाखायचं म्हणशील तर तू ठरव. कधीच नाही म्हणालीस तरी भांडं ठेव. आमच्या शिंप्याच्या मेहुणीला मी जाऊन भेटलो, नीट विचारलं. ती रडते ते नवऱ्यामुळे, पोटामुळे नाही, आणि केसही परत येताहेत. ती म्हणाली, सुरुवातीला पोट फार ढवळतं, कुणीतरी जवळ लागतं.

कंट्रोलरला सांग, आभार, पण घरातलं माणूस येतं आहे. गुरुवारच्या सकाळच्या गाडीत मी आहे. माइकवरून माझी टिंगल केलीस तर आल्या पावली परत जाईन. तुझा श्वास थांबतो हे मी वाचलं होतं. दोन्ही वेळा वाचलं होतं. त्यावर काय लिहायचं ते सुचलं नव्हतं आणि अजूनही सुचत नाही.

बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन. तू थुंक. भांडं मी धरतो.

दादा